एका बाजूने भाजलेली झोप

दुपारी अडीचला दर्शना कामावरून घरी आली, तेव्हा चपला काढायच्या आधीच तिच्या नाकाला गॅस लागला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत तिचा नवरा वैभव ओट्यापाशी उभा होता. बनियन, हाफ पँट, केस विस्कटलेले. हात शेगडीच्या बटणावर होता, बटण फिरवलेलं होतं, आणि खाली ज्योत नव्हती. डोळे सताड उघडे, पण त्या डोळ्यांत घरातलं काही नव्हतं. रिकाम्या खोलीची खिडकी उघडी राहावी, तसे ते उघडे राहिले होते.

आणि त्याच्या पायाशी पाटावर बसल्या होत्या सासूबाई, अंबिका. समोर नारळ, ताटलीत कापूर, मांडीवर पूजेची घंटा. हातात काडेपेटी. एक काडी त्यांनी बाहेर काढलेली होती.

दर्शना ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, तो तिच्यापाशी नव्हता. तिने झेप घेऊन सासूचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या बोटांखालचं बटण बंद केलं, आणि मग खिडकी उघडायला धावली.

"खिडकी कित्याक उघडतंस?" अंबिका कुजबुजल्या. "गप ऱ्हव. ते इलेत."

"आई, गॅस! गॅस चालू आहे!"

"खंय? माका वास येणा नाय."

खरंच येत नव्हता. लॉकडाऊनच्या साली आलेल्या तापात अंबिकाचा वास गेला तो गेलाच. फोडणी करपली तरी त्या धुरावरूनच ओळखायच्या.

वैभव वळला. चार पावलं चालून आपल्या गादीवर आडवा झाला, कुशीवर वळला, आणि घोरू लागला. काडेपेटीतली काडी जमिनीवर पडली होती. लाल टोकाची, न पेटलेली. दर्शना त्या काडीकडे बघत भिंतीला टेकून खाली बसली.

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर त्यांची एक खोली. वैभव शिवडीच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर. जूनपासून त्याला सलग रात्रपाळी लागली होती. सकाळी नऊला यायचा, चहा-चपाती खाऊन दहाला आडवा व्हायचा. बाहेर ऊन, भोंगे, दुरुस्तीच्या कामाची ठोकाठोक, समोरच्या नळावर बायकांचं भांडण. तशात माणूस झोपणार किती आणि कसा? डोळे मिटायचा, इतकंच.

आधी नुसतं बोलणं होतं. "धर रे, धर", "गाडी मागे घे". अंबिका जवळच वाती वळत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, "कोण रे?" झोपेतून उत्तर आलं, "मी."

"मी म्हणजे कोण? बाबूचे बापूस?" बाबू म्हणजे वैभवच, आईच्या तोंडचं नाव.

"व्हय."

त्या एका शब्दावर अंबिकाचं जग फिरलं. गणपत, त्यांचा नवरा, जाऊन बारा वर्षं झाली होती. गिरणीतला माणूस, आडवंतिडवं बोलणारा, हसवणारा. शेवटच्या दुखण्यात दीड महिना वाचा गेली, आणि बायकोला एक शब्दही न सांगता गेला.

शेजारच्या खोलीतले कुशाबा त्यांच्याच गावचे. गावाला देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली. "मूळपुरुष येतत असे. अंगात वारा इलो की विचारून घेवचा. घंटा वाजवा, नारळ ठेवा, विचारा. पण एक ध्यानात ठेवा. वारा चालाक लागलो, तर वाट अडवूची नाय. वाट अडवली तर कोप."

तेव्हापासून रोज दुपारी दर्शना कामावर असताना घरात घंटा वाजे. घंटेने वैभव अर्धा उठे. अंबिका विचारत, तो 'व्हय' म्हणे. आधी उठून बसू लागला, मग उभा राहू लागला. एकदा त्याने मोज्यांची जोडी नीट घडी करून भाताच्या कुकरमध्ये ठेवली. चाळभर हसू झालं. पलीकडची नलूमावशी म्हणाली, "काय गं दर्शना, आज मेन्यू काय? मोज्यांचा पुलाव?"

दर्शनाही तेव्हा हसली होती. त्या हसण्याचं आता तिला भय वाटलं.

संध्याकाळी सहाला वैभव उठला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"मी? गॅस?" तो हसायला गेला आणि ओठ अर्ध्यात थांबले. "मस्करी नको करू."

"मस्करी करतेय असं दिसतंय का माझ्याकडे बघून?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. उलटा केला, सुलटा केला. "म्हणजे हा हात माझा नाय काय? मी नसताना कोण चालवतं याला?"

कोपऱ्यातून अंबिका शांतपणे म्हणाल्या, "तुझे बापूस."

वैभवच्या अंगावर काटा आला तो दर्शनाला दिसला. तो बापाला भ्याला नाही. आपल्या घरात आपल्यावाचून आपण फिरतो, याला भ्याला. त्या रात्री कामावर जाताना दारात थांबून तो हळूच म्हणाला, "दर्शना, मी झोपलो की माझ्यावर लक्ष ठेव. मला माझा भरवसा वाटत नाय."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि त्याला परळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर देविका वयाने लहान होती, पण घाई नव्हती तिच्यात. सगळं ऐकून घेतलं. मोज्यांचं ऐकून हसली, गॅसचं ऐकून हसू पुसलं.

"हे भूत नाही आणि वेडही नाही," ती म्हणाली. "झोप खोल असताना शरीर अर्धं जागं होतं. पाय जागे, हात जागे, डोळे उघडे. पण ज्याला आपण 'मी' म्हणतो, तो झोपलेलाच. म्हणून आठवत नाही. पाळी बदलली, झोप मोडली, थकवा साचला की हे वाढतं. त्यातून खोल झोपेत कुणी मोठा आवाज केला, हलवलं, तर अर्धवट जाग आणून देतो आपणच."

दर्शनाला पटकन तवा दिसला. नायगावच्या पोळी-भाजी केंद्रात दिवसाला चारशे पोळ्या लाटणारी बाई ती. घाईत एखादी पोळी एका बाजूने फुगते, डाग पडतात, वास सुटतो. उलटून बघावं तर दुसरी बाजू पांढरी, कच्ची. "एका बाजूने भाजलेली," ती पुटपुटली.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाली.

"पण मग तो उत्तरं कशी देतो?"

"काय विचारलं आणि काय उत्तर आलं?"

सासूने कौतुकाने सांगितलेलं दर्शना आठवू लागली. तुम्हीच ना? व्हय. घर आवडतंय ना? व्हय. माझ्यावर राग नाही ना? इथे मात्र 'नाय'. सगळी उत्तरं सासूच्या प्रश्नातच होती. तो फक्त ती परत करत होता, विहिरीने हाक परत करावी तशी.

"त्याला गदागदा हलवू नका, ओरडू नका. ओढून धरलंत तर झटापट करेल, आणि कुणाला लागलं तरी त्याला कळणार नाही. कोपर हलकं धरायचं, ओळखीच्या आवाजात 'चल झोपू' म्हणायचं, आणि वळवायचं. दाराला वरची कडी, गॅस सिलिंडरवर बंद. घंटा नको, प्रश्न तर मुळीच नकोत. आणि दिवसपाळी मिळवा. चिठ्ठी देते मी." मग लिहिता लिहिता तिने विचारलं, "घराण्यात कुणी चालायचं का झोपेत? वडील वगैरे?"

"नाय बुवा," वैभव म्हणाला. "असतं तर आईने सांगितलं असतं."

घरी येऊन दर्शनाने अंबिकाला सगळं सांगितलं. पोळीचा दाखला दिला. अंबिका वाती वळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरां." त्या 'बरां'मध्ये होकार होता की नकार, ते वातीलाच ठाऊक.

गोदामातल्या साहेबाने चिठ्ठी बघून सांगितलं, एक तारखेपासून दिवसपाळी. एक तारखेला आठ दिवस होते.

आठ दिवस. दर्शनाने दाराला वर कडी ठोकून घेतली, सिलिंडरचं बटण रोज स्वतः बंद करून निघू लागली. पण तिची खरी भीती घरात नव्हती, घराबाहेर होती. चाळीची दुरुस्ती चालली होती. लांबलचक गॅलरीच्या त्या टोकाला, शेवटच्या खोलीच्याही पलीकडे, कुजलेला लाकडी कठडा चार फूट काढून टाकला होता. तिथे दोन आडवे बांबू बांधले होते, खाली हिरवी जाळी, तीही फाटकी. त्याखाली तीन माळ्यांचं नुसतं ऊन. येता-जाता ती बांबूंना हात लावून बघायची. काथ्याची गाठ घट्ट आहे ना?

केंद्रावर पोळ्या लाटताना तिच्या ओठांवर आईची एक ओवी येऊ लागली. आई ती पाळण्यापाशी म्हणायची. लहानपणी गोड वाटलेली ओवी आता लाटण्याखाली थरथरत निघे:

नीज माझ्या बाळा, उंबऱ्याच्या आत
बाहेरल्या वाऱ्याला मी नाही देत हात.

आठातले पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पाऊण वाजता तिचा फोन वाजला. नलूमावशी.

"काय गं, तू नाहीस काय घरी? मला वाटलं सुट्टी घेतलीस."

"का?"

"अगं, सासऱ्यांची तिथी ना आज? कुशाबा गाऱ्हाणं घालणारेत म्हणे गॅलरीत. अख्खा माळा जमलाय. दुरुस्तीच्या वेळी चाळीला काही होऊ नये म्हणून वाट विचारायचीय. मी म्हटलं, झोपू दे रे पोराला, तर मलाच म्हणाले, तोंड आवर."

दर्शनाच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली.

नायगावहून लालबाग म्हणजे केवढं? पण त्या दिवशी टॅक्सी प्रत्येक सिग्नलला उभी राहिली. तिचे हात पिठाचे, मांडीवर पांढरे ठसे. मनाशी ती एकच धरून होती. बांबू आहेत. गाठ घट्ट आहे. सकाळीच हात लावला होता. बांबू आहेत.

चाळीच्या दारात तिने वर पाहिलं. फाटकी हिरवी जाळी होती, पण तिच्यावर बांबू नव्हते; ते भिंतीला टेकून उभे होते. खाली. जमिनीवर. कठड्याखालची नवी तुळई बसवायची म्हणून गवंड्यांनी ते सोडले होते, आणि गवंडी जेवायला गेले होते.

जिना मधोमध होता. पहिल्या माळ्यावरच तिला आवाज ऐकू आला. कुशाबांचा, भरलेला, लयीतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वीस-पंचवीस गळे.

"आज ह्यो नारळ तुझ्यासमोर ठेवलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरांची, ह्या लेकरांची राखण कर, वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्या सगळ्या गळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा, एक सपाट, झोपाळू आवाज: "व्हय म्हाराजा."

तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता. लहानपणापासून गावच्या देवळात गर्दीत उभं राहून त्याने हे दोन शब्द इतक्या वेळा म्हटले होते, की ते म्हणायला त्याला जागं असावं लागत नव्हतं.

ती वर पोचली तेव्हा भर दुपारच्या उजेडात वैभव गॅलरीतून चालत होता. जिना ओलांडून दोन खोल्या पुढे गेला होता. अनवाणी, खांदे सैल, पावलं संथ. भिंतीला चिकटून माणसं उभी होती, हात जोडून, माना खाली घालून. ज्याच्या तो जवळ येई तो अंग चोरून आणखी मागे सरके. त्याच्यामागे अंबिका, एका हातात घंटा. त्यामागे कुशाबा. सगळे त्याच्या पावलांकडे बघत होते. त्याच्यापुढच्या वाटेकडे एकही डोळा नव्हता.

दर्शना पुढे घुसली. कुशाबांनी हात आडवा घातला. "खंय चाललंस? वाट अडवूची नाय."

"काका, बांबू काढलेत. तिथे कठडा नाहीये." तिचा आवाज कुजबुजीएवढाच होता. मोठ्याने बोलायचं नव्हतं.

"देव पडणा नाय गो."

"देव नाही पडत, काका. माझा नवरा पडेल."

तिने त्यांच्या हाताखालून अंग काढलं. कठड्याला घासत, दंड सोलवटत ती अंबिकाला ओलांडून, वैभवला ओलांडून पुढे झाली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. आता तिची पाठ त्या उघड्या टोकाकडे होती. तो थांबला नाही. म्हणून ती मागे सरकू लागली, एक पाऊल, दुसरं. मागे किती फरशा उरल्या ते तिला दिसत नव्हतं. दिसत होते फक्त त्याचे डोळे. उघडे. दहा वर्षांच्या संसारात त्या डोळ्यांनी तिला कधी इतकं परकं केलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "चला, झोपू या."

तिने त्याचं कोपर हलकेच धरलं. त्याने हात झटकला, तसा तिचा खांदा भिंतीवर आपटला. झटक्यात राग नव्हता. काहीच नव्हतं, म्हणून तो फार भयंकर होता.

ती पुन्हा समोर आली. ओठांवर होतं तेच बाहेर पडलं, सूर न लावता, श्वासातून: "नीज माझ्या बाळा, उंबऱ्याच्या आत..."

त्याचं पाऊल रेंगाळलं. मान किंचित कलली.

मागे घंटा वाजली.

त्याने पाऊल टाकलं. तिने पाऊल मागे घेतलं, आणि तिच्या टाचेला फरशीची कड लागली. कडेपलीकडे काही नव्हतं. खालून वारा आला आणि साडीचा सोगा उडाला. वैभवच्या खांद्यावरून तिला अंबिकाचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर कोप नव्हता, भक्तीही नव्हती. नव्या नवरीने नवऱ्यामागून चालावं, तसं काहीतरी होतं.

"आई," दर्शना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण आवाज तिने हलू दिला नाही. "मी पडले तर पडू दे. पण माझ्यामागून तुमचा बाबू पडेल. बोलवा त्याला. बाबांना नको. बाबूला बोलवा."

अंबिकाने पहिल्यांदा पुढे पाहिलं. त्यांनी सुनेची टाच पाहिली, टाचेमागचं ऊन पाहिलं, आणि खाली भिंतीला टेकलेले बांबू.

घंटा पुन्हा उठली होती. अंबिकाने दुसऱ्या हाताची बोटं तिच्या आत घातली आणि लोलक घट्ट धरला. एक बारीकसा, गुदमरलेला आवाज झाला, तेवढाच. मग त्या म्हणाल्या. गाऱ्हाण्याच्या लयीत नाही. उन्हात खेळून दमलेल्या पोराला घरात घ्यावं, त्या आवाजात.

"बाबू. चल रे. निजूक चल."

वैभव थांबला.

"ऊन लागता रे बाबू. चल."

"व्हय," तो म्हणाला. म्हाराजा नाही म्हणाला. नुसतं "व्हय आये." आणि वळला.

अंबिकाने त्याचं कोपर धरलं. तेच हलकं धरणं, जे डॉक्टरने सांगितलं होतं आणि जे दर्शनाला जमलं नव्हतं. जणू ते धरणं त्या बोटांना फार जुनं ठाऊक होतं. दोघं हळूहळू घराकडे निघाली. कुशाबांनी वाट सोडली. नलूमावशीने पुढे होऊन दर्शनाचे दोन्ही हात पकडले आणि तिला कडेपासून ओढून भिंतीशी आणलं. "मेल्यांनो," ती सगळ्यांवर तडकली, तीही दबक्या आवाजात, "हात जोडून काय उभे ऱ्हायलात? जा, कोणीतरी बांबू वर आणा!"

घरात वैभव गादीवर घोरत होता. दर्शनाने वरची कडी लावली. मग ती सासूसमोर बसली. विचारायचं होतं ते विचारावं लागलंच नाही.

"तुझ्या सासऱ्यांका पण होतां," अंबिका म्हणाल्या. "लगीन होऊन इलंय त्या वर्सापासून. रातचे उठत, गॅलरीत जायत. मी पदराची गाठ त्यांच्या मनगटाक मारून निजय. उठले की माका वढ लागय. मगे कोपर धरून घरात हाडय. तीस वर्सां."

दर्शना म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. हे काय आहे ते."

"ठावक होतां." अंबिकाने घंटा पदराआड घेतली. "पण हाक मारली की 'ओ' येय होती गो. बारा वर्सां झाली, माका तशी 'ओ' कोणी दिली नाय."

दर्शनाला राग होता, तिचा खांदा ठणकत होता, टाचेला अजून ती कड लागत होती. पुढे कित्येक दिवस पोळी लाटताना मध्येच तिला ती कड लागणार होती, आणि ती मागे हात नेऊन ओटा चाचपणार होती. पण त्या क्षणी तिने फक्त उठून ओल्या फडक्याने सासूची बोटं पुसली. लोलक धरताना तिथे लाल वळ उठला होता.

एक तारखेला अजून दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. वैभव दहाला झोपला. अंबिका त्याच्या उशाशी येऊन बसल्या, लुगड्याच्या पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या मनगटाला गाठ मारली. सैल, पण सुटणार नाही अशी. घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळून ती त्यांनी फळीवर ठेवली होती.

साडेबाराच्या सुमारास वैभवचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटला. दर्शनाने हातातलं निवडण खाली ठेवलं. तो कुशीवर वळला आणि स्पष्ट म्हणाला, "आसंय मी. हयच आसंय."

इथेच आहे, हे ऐकताच अंबिकाची मान झटकन वर आली. ओठ उघडले. प्रश्न तिथेच होता, दाताच्या आत, इतका जवळ की दर्शनाला तो ऐकूच आला: कोण रे?

बाहेर गवंडी नव्या कठड्यावर खिळा ठोकत होते. एक. दोन. तीन.

अंबिकाने ओठ मिटले. पदराचा त्याच्या मनगटाभोवती आणखी एक वेढा देऊन त्यांनी तो ओढून बघितला, आणि डोळे पुसायला पदर उरला नाही म्हणून ते तसेच वाहू दिले.